बागेची खूण

थोरल्या बाईंच्या धुलाईघरात आलेला कपडा चाळीस वर्षांत कधी हरवला नव्हता. रुमाल नाही, पायमोजा नाही, तान्ह्या पोराचं टोपरं नाही. लढाई सुरू झाल्यावर गावात काय काय हरवलं, कोण कोण हरवलं, ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण बाईंच्या घरी कपडा हरवला नाही.

"माझ्याकडं आलेली वस्तू परत जाते," बाई म्हणत. "उशिरा जाईल, पण जाते. आणि स्वच्छ होऊन जाते."

बाईंना अक्षरओळख बेताची. स्वतःचं नाव काढता येई, तेही कुणी घाई केली नाही तर. म्हणून त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला धाग्याची खूण नेमून दिली होती. इस्पितळाच्या चादरींना निळा धागा, एक गाठ. शाळेच्या पडद्यांना पांढरा. भिंतीपलीकडच्या प्राणिबागेतल्या रखवालदारांच्या गणवेशांना लाल धागा, दोन गाठी. ती गाठ बाईंची स्वतःची. उलटी ओढून आत दडवलेली, भट्टीत दहा वेळा उकळली तरी न सुटणारी. सुनेला नऊ वर्षांत ती जमली नव्हती.

"जमणारही नाही," बाई तिच्या तोंडावर सांगत. "जिच्या हाताला घाई, तिची गाठ ढिली."

"घाई नाही केली तर इस्पितळाच्या दोनशे चादरी कोण वाळत घालील, सासूबाई?" सून विचारी. तीही काही कमी नव्हती. बाईंना मनातून ते आवडे, पण आवडतं ते बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती.

घर उतारावर होतं. पुढं इस्त्रीची खोली, मागं दोऱ्या बांधलेलं अंगण, आणि अंगणाखाली चार पायऱ्या उतरून भट्टीची खोली. तिथं धाकटे दीर कोळसा घालत. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे, त्यामुळं घरात बाईंशी त्यांचंच काय ते भांडण झालेलं नव्हतं. सात वर्षांची नात होती, तिला सगळे ठकी म्हणत. आणि मुलगा. तो पहिल्याच शरदात लढाईवर गेला.

त्याच हिवाळ्यात बागेला हुकूम आला. बाँब पडून पिंजरे फुटले तर वाघ-सिंह रस्त्यावर येतील, तेव्हा मोठी जनावरं ठेवायची नाहीत. एका सकाळी बाई चादरी वाळत घालत होत्या आणि भिंतीपलीकडं बंदुका सुरू झाल्या. बाईंनी हातातली चादर दोरीवर टाकली, कोपरे जुळवले, चिमटे लावले. मग दुसरी. पंधरा चादरी झाल्या तेव्हा आवाज थांबले. इतकी वर्षं सिंहाच्या पहिल्या डरकाळीवर त्या भट्टी पेटवायला सांगत. दुसऱ्या दिवशी भट्टी उशिरा पेटली.

त्या आठवड्यात रखवालदारांचे गणवेश आले ते बाईंनी सुनेला हात लावू दिले नाहीत. एकट्यांनी धुतले, गार पाण्यात. रक्त गरम पाण्यात घातलं की कापडात बसतं.

उरली ती लहान जनावरं. बागेचा कोळसा संपत आला होता. ज्याच्या घरी ऊब, त्याच्या घरी एक जनावर, असं ठरलं. पावरोटीवाल्यानं भट्टीमागं दोन कासवं ठेवली. शाळेनं पोपट नेले. आणि एका दुपारी जनावरांचा डॉक्टर हातगाडीवर एक पेटी घेऊन बाईंच्या दारात आला. बरोबर बागेचा एक हमाल. डॉक्टर काठीसारखा बारीक, डोळे लाल, तीन रात्री झोपला नसावा.

"बाई, तुमच्या भट्टीपाशी एक पाहुणा ठेवाल का?" तो म्हणाला. मग त्यानं जनावराचं नाव सांगितलं. चांगलं लांबलचक, परदेशी नाव.

आता कुणीही विचारलं असतं, की डॉक्टर, हे कसलं जनावर? केवढं? कसं दिसतं? पण शेजारीण दारात उभी होती, सून मागं उभी होती, आणि चारचौघांत एखादी गोष्ट माहीत नाही म्हणणं म्हणजे बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबणं.

"हो हो," बाई म्हणाल्या. "माहीत आहे की. आमच्या माहेरी होतं एक."

डॉक्टर चकित झाला. "तुमच्या माहेरी?"

"माझ्या थोरल्या काकांकडं. तुम्ही खाणं तेवढं सांगा."

सुनेनं पदर तोंडाला लावला. बाईंच्या थोरल्या काकांकडं एक म्हातारी शेळी सोडली तर काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरनं सांगितलं. उकडलेली गाजरं, बटाटे, आठवड्याला अर्धं अंडं. जनावर फार भित्रं, उजेड पडला तर भीतीनं मरतं, म्हणून पेटी उघडायची नाही. पुढं खाली फळीची एक झडप आहे, तिच्यातून वाडगा आत सरकवायचा. खालचा पत्र्याचा ट्रे ओढून पेंढा बदलायचा. "एवढं वाचवा, बाई," तो म्हणाला. "माझ्या हातून बाकीचं काही वाचलं नाही."

बाईंचा आवाज जरा उतरला. "जिवंत घेतेय, जिवंत परत करीन. माझा शब्द आहे."

दीर आणि हमाल यांनी पेटी खाली नेली. जाड सागवानी पेटी, लोखंडी पट्ट्यांची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरलाही सैन्याचं बोलावणं आलं. तो गाव सोडून गेला.

पहिले दोन दिवस वाडगा जसाच्या तसा राहिला. सून म्हणाली, "तुमच्या काकांचं जनावर असं उपाशी राहायचं का हो?"

"नव्या घरी आल्यावर तूही दोन दिवस जेवली नव्हतीस," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी कशी तुटून पडलीस ते मी बघितलंय."

तिसऱ्या दिवशी वाडगा रिकामा होता. चाटूनपुसून नव्हे. धुतल्यासारखा.

त्या दिवसापासून घराला एक काम वाढलं, आणि घराला ते मानवलं. दुपारचे कपडे उतरवून झाले की बाई वाडगा घेऊन चार पायऱ्या उतरत. झडपेपाशी बसत. वाडगा आत जाई. जरा वेळानं आतून कुणीतरी तो हळूच बाहेर सरकवी, आणि कधी कधी वाडग्यामागून एक पाय येई. राखी, मऊ केसांचा, चार बोटांचा, नखं आत ओढून घेतलेली. बाईंनी पुढं केलेल्या तळव्यावर तो पाय टेकला की हाताला ऊब लागे, इस्त्री केलेल्या कपड्याखाली हात घालावा तशी. बाकीचं अंग त्यांना कधी दिसलं नाही. त्यांनी वाकून बघितलंही नाही. शब्द म्हणजे शब्द.

आठ दिवसांनी त्यांनी त्या पायाला लाल धागा बांधला. दोन गाठी.

"जनावराला खूण?" सून म्हणाली.

"बागेची वस्तू आहे. बिनखुणेची वस्तू मी घरात ठेवत नाही. तुलाही बांधणार होते, पण तुझ्या बापानं कुंकवावर भागवलं."

ट्रेमधला पेंढा मात्र कधी घाण झाला नाही. गरम असे, मधोमध दबलेला असे, पण कोरडा. बाईंना त्याचं कौतुक. "माणसांपेक्षा शहाणं आहे," त्या म्हणत. खातं ते जातं कुठं, हा प्रश्न सुनेच्या जिभेवर महिनाभर होता. मग तिनं तोही गिळला, कारण तोपर्यंत विमानं येऊ लागली होती.

पहिल्यांदा विमानं आली त्या दुपारी वाडगा भरलेला बाहेर आला. गाजराला दात लागलेला नाही. बाईंना वाटलं, बिघडलं पोट. अर्ध्या तासानं भोंगा वाजला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा बाई भरला वाडगा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "चादरी उतरवा. सगळे खाली चला." आकाश निरभ्र होतं. दिरांनी हातवारे करून विचारलं, काय झालं? बाईंनी वाडगा दाखवला. सगळे खाली जाऊन बसले, पेटीच्या भोवती, आणि भोंगा वाजला तेव्हा ठकी पेटीला टेकून झोपलीसुद्धा होती.

त्या वेळी समोरच्या रांगेतली तीन घरं गेली. बाईंच्या घराच्या सगळ्या काचा गेल्या. भट्टीच्या खोलीत छतावरचा चुना पडून सगळं पांढरं झालं, फक्त पेटीभोवती हातभर जागा फरशीच्या रंगाची राहिली. बाईंनी ती पाहिली आणि झाडू घेतला. झाडून घेतल्यावर सगळी फरशी सारखी झाली.

एके दिवशी दीर भट्टीपुढं बसून मान डोलावत होते. बाईंनी खुणेनं विचारलं, काय?

"गातंय," दीर म्हणाले. "तुम्हाला नाही ऐकू येत, वहिनी?"

बाईंनी कान दिला. कोळसा तडतडत होता. बाकी काही नाही. बाईंना दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येत होतं. बहिऱ्या माणसाला ऐकू आलेलं आपल्याला आलं नाही हे कबूल कसं करायचं?

"येतंय की," त्या म्हणाल्या. "जरा बेसूर आहे."

पुढच्या हिवाळ्यात पावरोटीवाल्याची भट्टी पिठावाचून विझली आणि कासवं गेली. शाळेचे पोपट त्याआधीच एकामागून एक गेले होते. गावभर वाटलेल्या जनावरांपैकी एकच उरलं, ते बाईंच्या घरी. शेजारणी विचारत, काय घालता हो? बाई मान वर करून सांगत, "शब्द घालते." आणि स्वतःच्या ताटातला बटाटा कमी करून वाडग्यात घालत. बटाटा कमी झाला पण घरात कुणी आजारी पडलं नाही. लढाईच्या त्या वर्षांत, खरं सांगायचं तर, बाईंचं घर सुखी होतं. संध्याकाळी चौघंजण खाली बसत, दीर मान डोलावत, सून मोजे विणी, ठकी पेटीला गोष्टी सांगे. मुलाची पत्रं येत. उशिरा येत, पण येत.

मग लढाई संपली आणि मुलगा घरी आला. डावा पाय जरा ओढत, पण आला. गळ्यात पोपटी लोकरीचा गळपट्टा.

"कुणी विणला?" सुनेनं पहिला प्रश्न विचारला.

"इस्पितळात एक नर्स होती..."

गळपट्टा दुसऱ्याच दिवशी उसवायला घेतला गेला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेची बाजू घेतली, वर त्यातली एक लांब लोकर मागून घेतली. लाल धागा केव्हाच संपला होता आणि जनावराच्या पायातला विरत चालला होता. त्यांनी खाली जाऊन जुना धागा कापला, पोपटी बांधला. दोन गाठी. मुलगा पायरीवर उभा राहून बघत होता. त्याला त्यांची पाठ दिसत होती, पाय दिसत नव्हता.

दोन दिवसांनी खोली धुवायची म्हणून त्यानं पेटी एका बाजूनं उचलली. परत ठेवली. दुसऱ्या बाजूनं उचलली. जेवताना म्हणाला, "आई, रागावू नकोस. मी अडीच वर्षं पेट्या वाहिल्यात. भरलेली कुठली न रिकामी कुठली, हे हाताला कळतं."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

"तुझा बाप पण हलकाच होता," बाई म्हणाल्या. "म्हणून काय नव्हता?"

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

धागा बांधून आठ दिवस झाले होते. त्या दुपारी डॉक्टर आला. केस पांढरे झाले होते. इस्त्रीच्या खोलीत खुर्चीवर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली. सून चहा ठेवून तिथंच उभी राहिली. मुलगा दारात.

"मी माफी मागायला आलोय, बाई," डॉक्टर म्हणाला. "त्या दिवशी तुमच्याकडून परत गेलो, आणि संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यात दुसरी पेटी दिसली. अगदी तशीच. हमालानं चुकीची पेटी गाडीवर चढवली होती. तुमच्याकडं आली ती रिकामी. जनावर शेडमध्येच राहिलं होतं, दिवसभर, थंडीत. मी पोचलो तेव्हा मेलं होतं. मीच पुरलं त्याला, पंपघराच्या मागं. दुसऱ्या दिवशी सैन्यात गेलो. तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, दोन दिवसांत तुम्हालाच कळेल, हसाल आणि पेटी फोडून जाळाल."

बाई इस्त्रीचं टेबल पुसत राहिल्या.

"आता बाग पुन्हा उघडायची आहे," डॉक्टर म्हणाला. "शाळेला सांगाडा हवा म्हणून काल मी ते उकरलं. हाडंच राहिलीत. पण पुढच्या पायाच्या हाडाला हे होतं."

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, टेबलावर उलगडली. मातीनं माखलेला एक धागा. माती सुटली होती तिथं पोपटी रंग दिसत होता. दोन गाठी, उलट्या ओढून आत दडवलेल्या.

"ही गाठ तुमची आहे. माझ्या गणवेशावर बारा वर्षं होती. रंग तेवढा वेगळा. पण मी पुरलं तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं. मी स्वतःच्या हातांनी पुरलं, बाई. वरची जमीन कुणी हलवलेली नव्हती. तुम्ही कधी... तुम्ही तिथं आला होता का?"

सुनेनं धाग्याकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. नवऱ्याचा हात गळ्याशी गेला, जिथं आता गळपट्टा नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"बरं," डॉक्टर म्हणाला. त्यालाही पुढं विचारायचं नव्हतं. "आणि ती पेटी शिल्लक असली तर हवी होती. नवी जनावरं यायची आहेत, पेट्या मिळत नाहीत. बघू का?"

तो भट्टीच्या खोलीकडं निघाला. बाई त्याच्यामागून पायऱ्या उतरल्या.

पेटी भट्टीपाशी होती. पुढं वाडगा, पाण्याचं भांडं, बाजूला ताज्या पेंढ्याची पेंडी. फरशीवर ठकीची उशी. डॉक्टरनं हे सगळं नीट पाहिलं. वाडग्यातलं सोललेलं गाजर पाहिलं. मग बाईंकडं वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाईंनी आयुष्यभर आपल्याकडं पाहणाऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर येऊ दिलं नव्हतं. कीव.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं... यात कुणी आहे असं तुम्हाला वाटतं का?"

मागं पायरीवर सून आणि मुलगा होते. भट्टीपुढं दीर. बाईंना एका वाक्यात हा माणूस खोटा पाडता आला असता. झडप उघड आणि हात घाल, एवढंच. पण मग तो पेटी उघडणार. उजेड पडणार.

"छे हो," थोरल्या बाई म्हणाल्या. "रिकामीच आहे. म्हातारीचं खूळ, दुसरं काय! बाकी सगळे शहाणे, मीच तेवढी वेडी."

सुनेनं सासूच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग राहू दे पेटी," डॉक्टर म्हणाला. "तुमच्याकडंच राहू दे."

तो पायऱ्या चढू लागला तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं. "त्या जनावराचं नाव काय म्हणाला होतात?"

"तुमच्या काकांकडं होतं ना?"

"काकांकडं शेळी होती," बाई म्हणाल्या. "सांगा."

डॉक्टरनं नाव सांगितलं. बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि या वेळी लक्षात ठेवलं.

तो गेला. धाग्याची पुडी टेबलावर विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. बाईंनी ती उचलली, लोकर गार पाण्यात खळबळून घेतली, पिळली आणि खाली आल्या. झडपेपाशी बसून त्यांनी ते लांब नाव हळू आवाजात घेतलं आणि हात पुढं केला.

वाडग्यामागून पाय आला. नेहमीसारखा ऊबदार. धाग्याची जागा मोकळी होती.

बाईंनी त्याच धाग्याच्या दोन गाठी मारल्या. मग ओलं फडकं घेतलं आणि एकेक बोट धरून नखं पुसायला लागल्या. नखांत माती होती, काळी आणि अजून ओली.